'द फायनल मेंबर': समीक्षकांनी मास्तरांकडे नीट पाहिलंच नाही का?

अनघड

आइसलँडच्या शिश्न-संग्रहालयावरचा 'द फायनल मेंबर' हा माहितीपट इथे किती जणांनी पाहिलाय? दिग्दर्शक जोना बेखोर आणि झॅक मॅथ. २०१२ साली टोरोंटोच्या हॉट डॉक्स महोत्सवात आला, २०१४ मध्ये अमेरिकेत ड्राफ्टहाउस फिल्म्सने प्रदर्शित केला. विषय वाचून धागा बंद करू नका, आधी पूर्ण वाचा ही विनंती.

सिगुर्दुर ह्यार्तारसॉन हे शाळामास्तर. १९७४ मध्ये आक्रानेस इथल्या शाळेत मुख्याध्यापक असताना त्यांना कोणीतरी बैलाचं वाळवलेलं शिश्न दिलं. तिकडे गुरं हाकायला चाबूक म्हणून ते वापरायचे. त्यांच्या शाळेतले काही शिक्षक उन्हाळ्यात जवळच्या व्हेल-कारखान्यात कामाला जात. मास्तरांची गंमत करायला म्हणून ते व्हेलचे अवयव आणून द्यायला लागले. मास्तरांनी गंमत मनावर घेतली. १९८० पर्यंत १३ नमुने झाले, १९९७ ला रेकयाविकमध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा ६२. पुढे २००४ मध्ये सगळं बिऱ्हाड उत्तरेकडच्या हुसाविक गावी हललं. आइसलँडच्या जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांचे नमुने जमले, राहिला माणूस. माहितीपट इथून सुरू होतो.

दाते दोन. पाउल अरासॉन हे नव्वदीपार गृहस्थ, आइसलँडच्या आतल्या डोंगराळ भागात पर्यटन सुरू करणाऱ्यांपैकी एक आणि तरुणपणच्या भानगडी अभिमानाने सांगणारे. ते मरणानंतर देणार. दुसरा एक अमेरिकन. त्याला पहिलेपणाचा मान हवाच होता, त्यासाठी जिवंतपणी कापून द्यायलाही तो तयार होता.

समीक्षकांनी बहुतेक कौतुकच केलं. कौतुकाचा मुद्दाही साधारण एकच: चित्रपट चावट विनोदाने सुरू होतो आणि हळूहळू म्हातारपण, मृत्यू, मागे काय उरणार या प्रश्नांकडे जातो. मला हे पटतं. पण मी वाचलेल्या परीक्षणांत बहुतेक जागा त्या दोन दात्यांच्या शर्यतीने खाल्ली आहे. ज्या माणसाने साडेतीन दशकं एकट्याने संग्रह उभा केला, त्याच्याबद्दल 'विक्षिप्त पण लोभस म्हातारा' एवढं म्हणून पुढे जातात. चित्रपटाची रचनाच तशी आहे, की समीक्षक आळशी, की मीच मास्तरांच्या बाजूने झुकलोय? तुमचं मत सांगा.

काजवा

पाहिलाय. शर्यत नसती तर मी पंधराव्या मिनिटाला बंद केला असता. नमुन्यांच्या बरण्या किती वेळ बघणार?

सदाफुली

मी नवऱ्याबरोबर पाहिला. तो सुरुवातीची वीस मिनिटं खदखदून हसत होता, मग एकदम गप्प झाला. त्या अमेरिकन माणसाचं काय करायचं ते आम्हाला दोघांनाही कळेना. त्याने त्या अवयवाला स्वतंत्र नाव ठेवलंय, त्यावर अमेरिकेच्या झेंड्याचं गोंदण करून घेतलंय, त्याला नायक करून कॉमिक काढायचंय. पाच मिनिटं मजा वाटते. मग लक्षात येतं की हा माणूस फार एकटा आहे, आणि कॅमेरा समोर आहे म्हणून बोलतच सुटलाय.

अनघड, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की समीक्षकांनी मास्तरांपेक्षा जास्त अन्याय या माणसावर केला. त्याच्याकडे बोट दाखवून हसले, आणि मग 'चित्रपट शेवटी हळवा होतो' असंही लिहिलं. हळवा कोणासाठी होतो? पाउलआजोबांसाठी. याच्यासाठी नाही.

काजवा

सदाफुलीताई, तो स्वतः हौसेने कॅमेऱ्यासमोर आलाय. सज्ञान आहे. दिग्दर्शकांनी त्याला वेडं करून दाखवलं असं मला वाटलं नाही, त्याचंच त्याला बोलू दिलं.

सदाफुली

बोलू देणं ठीक, पण त्यातलं काय ठेवायचं ते संकलनाच्या टेबलावर ठरतं ना? तासन् तास बोललेल्यातलं तेवढंच का उरलं हा माझा प्रश्न आहे.

शनिवारपेठी

चित्रपट पाहिलेला नाही, पण मास्तरांबद्दल वाचून दिनकर केळकरांची आठवण आली. आपल्या राजा केळकर संग्रहालयाचे काका. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ संग्रहालय केलं. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, दरवाजे, वाद्यं, काय म्हणाल ते. पत्नी कमलाबाईंची साथ होती. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या आणि १९७५ मध्ये सगळं शासनाला देऊन टाकलं. अडकित्त्यांच्या दालनासमोर उभं राहिलं की एकाच वस्तूचे इतके प्रकार का जमवावेत हा प्रश्न मनात येत नाही, कारण पाहता पाहता बनवणाऱ्या कारागिरांचे हात दिसायला लागतात. बायकांच्या जोड्या, मोर, घोडे, एकसारखा दुसरा नाही.

आइसलँडच्या मास्तरांचं काम त्याच जातीचं वाटतंय. विषय अवघडवणारा आहे, एवढाच फरक.

तात्पुरता

फरक 'एवढाच' नाही हो. अडकित्ता माणसाने घडवलेला असतो, त्यात कला असते. इकडे फॉर्मॅलिनमधले अवयव. उगाच केळकरांना त्यात ओढू नका.

शनिवारपेठी

ओढत नाही. दोघांनी घरच्या पैशाने, लोक हसत असताना, वर्षानुवर्षं जमवलं. साम्य तिथे आहे.

पशुवैद्य

धाग्यावर माझ्या धंद्याचा विषय आला म्हणून लिहितो. तात्पुरता, फॉर्मॅलिनमधल्या अवयवातही पाहण्यासारखं भरपूर असतं.

कुत्रा, अस्वल, वॉलरस, सील, बहुतेक माकडं यांच्या शिश्नात एक हाड असतं, त्याला बॅक्युलम म्हणतात. वॉलरसचं तर दोन फुटांच्या आसपास जातं. माणसात हे हाड नाही. घोडा, बैल, ससा, व्हेल यांच्यातही नाही. का नाही यावर अजून वाद आहेत. बैलाचं शिश्न तंतुमय असतं, उत्तेजित झालं तरी फार जाड होत नाही, त्यातलं इंग्रजी 'एस' सारखं वळण सरळ होतं आणि लांबी वाढते. म्हणून वाळवल्यावर त्याचा चिवट चाबूक होतो. घोड्याचं मात्र माणसासारखं रक्ताने फुगणारं. एका दालनात हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं तर विद्यार्थ्याला एका तासात जे कळेल ते आम्हाला पुस्तकातून कळायला वर्ष लागलं.

त्या संग्रहालयात हॅमस्टरचं दोन मिलिमीटरचं हाड आहे, ते भिंगातून बघावं लागतं. आणि एका व्हेलचा १७० सेंटिमीटरचा, सत्तर किलोंचा नमुना आहे, तोही अवयवाचा फक्त पुढचा भाग. असा पल्ला मांडून ठेवणाऱ्याला कोणी विक्षिप्त म्हणालं की मला राग येतो. तुलनात्मक शरीररचनेचा संग्रह आहे तो. मास्तर जीवशास्त्राचे नव्हते, इतिहास आणि स्पॅनिश शिकवायचे, तरी त्यांनी नोंदी शिस्तीत ठेवल्या.

काजवा

सत्तर किलो!! माझं वजन त्याहून कमी आहे.

घारापुरी

😂 काजवा, हे जाहीर करायची गरज नव्हती.

ओस्लोकर

संग्रहालय पाहिलं आहे म्हणून थोडं सांगते. आता ते हुसाविकला नाही. २०११ मध्ये मास्तरांनी मुलाच्या हाती सोपवलं, त्याने ते परत रेकयाविकला आणलं, आधी लौगावेगुर या मुख्य रस्त्यावर आणि २०२० पासून बंदराजवळच्या मोठ्या जागेत. आता तिथे स्वच्छ दिवे, नेमक्या पाट्या, खाली कॅफे (वाफल्सचा आकार काय असतो ते तुम्ही ओळखलंच असेल). गर्दी बऱ्यापैकी. आजी-आजोबा, कॉलेजची मुलं, नातवंडांसकट कुटुंबं, सगळे.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आइसलँडच्या हँडबॉल संघाला रौप्यपदक मिळालं, तर त्या संघाच्या सन्मानार्थ रुपेरी शिल्पांची रांग आहे, ती मास्तरांच्या मुलीने केलेली. बैलाच्या वृषणाच्या कातड्याचे लॅम्पशेड आहेत. लोककथांचा एक कोपरा आहे, त्यात यक्ष-राक्षसांचे 'नमुने', आणि एका बाटलीत अदृश्य एल्फचा. बाटली अर्थातच रिकामी दिसते. लोक तिच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

आणि हो, कुठेही घाण वाटत नाही. मला अवघडल्यासारखं होईल असं वाटलं होतं, तसं अजिबात झालं नाही. माझ्या पुढे एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला सीलची पाटी वाचून दाखवत होत्या.

अनघड, माझ्या मते माहितीपटात हीच हवा कमी पडते. मास्तरांची विनोदबुद्धी फार कोरडी आणि शांत आहे. ते स्वतः लाकडात कोरीवकाम करायचे. त्या संग्रहात विज्ञान, लोककथा, हस्तकला, थट्टा असं सगळं एकत्र नांदतं. चित्रपटाला त्यातली थट्टा आणि शेवटी मृत्यू, दोनच सूर सापडले.

अनघड

ओस्लोकर, नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि मांडता येत नव्हतं. आभार!

पशुवैद्य, त्या मानवी नमुन्याचं शेवटी जे झालं त्यावर तुम्ही लिहाल का? ज्यांना चित्रपटाचा शेवट कळू द्यायचा नाही त्यांनी पुढचा प्रतिसाद सोडून द्या.

पशुवैद्य

लिहितो. पाउल अरासॉन जानेवारी २०११ मध्ये ९५ व्या वर्षी गेले. अवयव काढला गेला आणि त्या एप्रिलमध्ये संग्रहालयात ठेवला गेला. पण जतन नीट झालं नाही. आकसला, करडा-तपकिरी झाला. मास्तर स्वतः निराश झाले आणि पुढे आणखी चांगला नमुना मिळावा असं बोलून दाखवलं.

फॉर्मॅलिनमध्ये ऊती आक्रसतात, हे ठरलेलंच. म्हणून आधी ताणून, टाचून किंवा मागून शिवून घ्यायचं, मग द्रावणात सोडायचं. प्राण्यांचे इतके नमुने हाताळलेल्या माणसाला हे माहीत होतं. पण इथे वेळ कमी, माणूस ओळखीचा, सगळ्या देशाचं लक्ष. त्या प्रसंगात त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहून मला माझ्या पहिल्या फसलेल्या शवविच्छेदनाची आठवण झाली. तंत्राची चूक आणि शोक एकाच टेबलावर.

म्हणून म्हणतो, समीक्षकांनी मास्तरांना कमी लेखलं असेल, पण कॅमेऱ्याने नाही.

तात्पुरता

या सगळ्याचा मला त्रास होतो हे प्रामाणिकपणे सांगतो. माणसाचं शरीर मेल्यावर तरी सोडा. दहन करा, दफन करा. बरणीत ठेवून तिकीट लावायचं हे मला संस्कृतीच्या बाहेरचं वाटतं. धागा बंद करा असं म्हणत नाही, माझं मत मांडतोय.

घारापुरी

तात्पुरता, तुमचा त्रास समजतो. पण माझ्या आत्याने देहदान केलं होतं. आमच्याकडे १९४९ चा शरीरशास्त्र कायदा आहे, त्याखाली वैद्यकीय महाविद्यालयं देह स्वीकारतात, आणि महाराष्ट्रात अनेक घरांत आता ते सहज होतं. तरी त्या दिवशी आमच्या घरी दोन तट पडले होते. काका म्हणत होते, विद्यार्थी तिच्या देहाची चेष्टा करतील. आत्याने फॉर्म भरताना त्यांना सांगून ठेवलं होतं, 'करू देत. आयुष्यभर मास्तरीण होते, मुलांची चेष्टा मला नवी नाही.'

पाउलआजोबांनीही संमती जिवंतपणी, शुद्धीत, मोठ्या आनंदाने दिली. तिकीट आहे हा मुद्दा मान्य, पण वैद्यकीय महाविद्यालयाची फीसुद्धा असतेच.

सदाफुली

घारापुरी, आत्यांना नमस्कार. 🙏

तात्पुरता

आत्यांचं वाक्य फार मोठं आहे. माझ्या मताला धक्का लागला नाही, पण आदर वाटला. देहदान शिकण्यासाठी असतं, हे पाहण्यासाठी. तो भेद मी धरून राहतो.

पशुवैद्य

पाहण्यातून शिकणं होतं की हो.

मोडीवाचक

थोडं विषयांतर. दिल्लीत सुलभ इंटरनॅशनलचं शौचालय-संग्रहालय आहे, १९९२ पासून, बिंदेश्वर पाठकांनी उभं केलेलं. तिथेही लोक हसत शिरतात. मग मैला वाहून नेण्याच्या प्रथेचा भाग येतो आणि हसू विरतं. पाठक २०२३ मध्ये गेले. त्यांच्यावर तासाभराचा चांगला माहितीपट असेल तर सुचवा. केळकरांवर असेल तर आणखी उत्तम.

आपल्याकडे संग्राहकांवर लिहिताना आपण लगेच 'ध्येयवेडे' म्हणतो आणि हार घालून मोकळे होतो. तिकडचे 'विक्षिप्त' म्हणून मोकळे होतात. कामाचा तपशील दोन्हीकडे राहून जातो. वस्तू कुठून मिळाली, कशी ओळखली, खोटी निघाली तेव्हा काय केलं, बायको काय म्हणाली, पैसे कुठून आले. मला चित्रपटात हे बघायचं असतं.

ओस्लोकर

मोडीवाचक +१. व्हेल किनाऱ्याला लागला की मास्तरांना निरोप यायचा. तो निरोप कोण द्यायचं, किती तासांत पोहोचावं लागायचं, कापायचं कशाने, घरी कशातून आणायचं, कोणत्या खोलीत ठेवायचं, हे सगळं मला बघायला आवडलं असतं. आइसलँडचा मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच, आर्क्टिक कोल्हा. बाकी सगळे माणसाने आणलेले नाहीतर समुद्रातले, आणि कधी एखादं ध्रुवीय अस्वल बर्फावरून वाहत येतं. म्हणजे हा संग्रह त्या बेटाच्या निसर्गाची नोंद आहे. कोणत्याही परीक्षणात मला हे वाचायला मिळालं नाही.

काजवा

हे तुम्ही सांगितलंत म्हणून मलाही बरण्यांत रस वाटायला लागला. पण लोक पैसे देऊन चित्रपट बघतात. वितरकाला विचारा, 'आइसलँडच्या सस्तन प्राण्यांची नोंद' विकेल का?

फिल्लमबाज

उशिरा आलोय. माहितीपटांच्या संकलनाचं काम करतो, म्हणून सदाफुलींच्या प्रश्नाकडे परत जातो.

पाऊण-सव्वा तासाच्या चित्रपटाला कणा लागतो. इथे दिग्दर्शकांना तो आयता मिळाला: कोण आधी? एकदा हा कणा घेतला की प्रत्येक दृश्य त्याला उत्तर द्यायला लागतं. मास्तर शर्यतीत धावत नाहीत, ते पंच आहेत. पंचाकडे कॅमेरा कधी वळतो? निर्णयाच्या वेळी. म्हणून ते फक्त वाट बघताना, पत्र वाचताना, फोनवर बोलताना दिसतात. यात आळस नाही, पहिल्याच दिवशी केलेल्या निवडीची ही किंमत आहे.

अमेरिकन माणसाबद्दल मी सदाफुलींच्या बाजूने आहे. असा माणूस चित्रीकरणात मिळाला की संकलकाचे हात शिवशिवतात. त्याचं प्रत्येक वाक्य प्रेक्षागृहात हशा आणतं. पण मला आठवतं त्याप्रमाणे काही जागी तो बोलायचा थांबतो आणि कट येत नाही, दोन-तीन सेकंद चेहरा तसाच राहतो. ते सेकंद कोणीतरी मुद्दाम राखलेत. त्याला हसण्यावारी न्यायचं असतं तर ते पहिले कापले गेले असते.

आणि ती लोककथेतली 'कायदेशीर लांबी' आठवते? पाच इंच. नवऱ्याचं त्याहून कमी म्हणून बायको काडीमोड मागते ती कथा. चित्रपटात ही येते आणि नंतर पाउलआजोबांना वयामुळे आपलं कमी भरेल अशी धास्ती वाटते. समीक्षकांनी याला विनोदी धागा म्हटलं तरी मला तिथे नव्वदीतल्या माणसाचं लाजणं दिसलं. हयातभर ज्या गोष्टीची बढाई मारली ती मोजायला कोणीतरी पट्टी घेऊन येणार.

सदाफुली

फिल्लमबाज, त्या सेकंदांसाठी पुन्हा बघते. मत बदलेल असं नाही, पण बघते.

शनिवारपेठी

मी काल रात्री पाहिला. केळकरांची तुलना मागे घेत नाही. तात्पुरता, तुम्हीही एकदा बघा, आवाज बंद ठेवून हवं तर.

तात्पुरता

बघणार नाही. पण धागा शेवटपर्यंत वाचला.

अनघड

सगळ्यांचे आभार. फिल्लमबाजांचं पंचाचं म्हणणं मला पटलं, पण त्यातूनच माझी तक्रार आणखी पक्की होते. निवड दिग्दर्शकांची होती हे कबूल. मग समीक्षकाचं काम काय? निवडीमुळे काय बाहेर राहिलं ते सांगणं. इथे एका पशुवैद्याने आणि एका प्रत्यक्ष जाऊन आलेल्या बाईंनी वीस ओळींत ते सांगितलं. वर्तमानपत्राच्या समीक्षकाला संग्रहालयाची माहिती काढणं काही अवघड नव्हतं.

कौतुक करणाऱ्या परीक्षणांवर माझा राग नाही, चित्रपट कौतुकास्पदच आहे. पण चित्रपटाने ज्याच्याकडे कमी पाहिलं त्याच्याकडे परीक्षणानेही कमी पाहावं, हे मला खटकतं.

फिल्लमबाज

इथे आपलं जमणार नाही अनघडराव. समीक्षकाने समोर आहे त्या चित्रपटावर लिहावं, नसलेल्या चित्रपटावर नको. मास्तरांच्या व्हेलवाऱ्यांचा चित्रपट कोणीतरी वेगळा करायला हवा, आणि मुलाकडे जुन्या नोंदवह्या असतील तर तो अजूनही होऊ शकतो.

ओस्लोकर

नोंदवह्यांचं मी पुढच्या खेपेला तिथे विचारते. मोडीवाचक, केळकरांच्या खरेदीच्या नोंदी कुठे पाहायला मिळतात का, हे तुम्ही पुण्यात विचारा. वेगळा धागा काढू.